वहिनीला नको असलेला दीर

वहिनींच्या वडिलांना अकोल्याला हॉस्पिटलात हलवलं, तेव्हा दादा-वहिनी रात्रीच्याच गाडीनं निघाले आणि दोन पुतणे माझ्या गळ्यात पडले. मी एकटा राहणारा माणूस. वहिनींनी फ्रिजवर कागद चिकटवला होता : डबा, दप्तर, दूध, रिक्षाकाकांचा नंबर. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित : ‘भाऊजी, घरात सिगरेट नको.’

दुसऱ्या रात्री पोरांना घेऊन मी ‘अंकल बक’ लावला. जॉन ह्यूजनं लिहून दिग्दर्शित केलेला हा १९८९चा अमेरिकन सिनेमा. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलं की काका, मामा, मावशीचा नवरा सगळे एकाच पोत्यात. आपल्याला आधी नातं लागतं. बक काका आहे. म्हणजे मुलांच्या आईचा, सिंडीचा, दीर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

सिंडीच्या वडिलांना हार्ट अटॅक येतो. नवरा-बायकोला शिकागोजवळचं घर सोडून इंडियानापोलिसला धावावं लागतं. शेजारी गावाला गेलेले. उरतो बक : नोकरी नाही, लग्न नाही, घोड्यांवर पैसे लावून जगणारा, आणि धूर सोडत बंदुकीसारखा बार काढणारी खटारा गाडी चालवणारा. सिंडीला तो दारातसुद्धा नको असतो.

जॉन कँडी हा धिप्पाड कॅनेडियन नट बक झालाय. आठ वर्षांचा पुतण्या माइल्स त्याला समोर बसवून प्रश्नांची सरबत्ती करतो. घर स्वतःचं का भाड्याचं? ऑफिस कुठंय? बायको का नाही? मुलं का नाहीत? कँडी उत्तरं देतो तितक्याच झपाट्यानं, पण बायको-मुलांपाशी आवाज जरासा बसतो. लगेच तो पोरालाच विचारतो, एका दमात किती प्रश्न विचारायचा तुझा विक्रम आहे? अडतीस, म्हणे. माझ्या धाकट्या पुतण्यानं इथं माझ्याकडे वळून पाहिलं. मी पडद्याकडेच बघत राहिलो.

माइल्स झालेला मॅकॉले कल्किन पुढच्याच वर्षी ‘होम अलोन’मधून जगभर पोचला. दाराच्या पत्रपेटीच्या फटीतून तो बकच्या मैत्रिणीची उलटतपासणी घेतो, त्या प्रसंगातच ह्यूजला ‘होम अलोन’चं बीज सापडलं, असं सांगतात.

माइल्सच्या वाढदिवसाला बक चाकाएवढे पॅनकेक करतो आणि बर्फ उपसायच्या फावड्यानं उलटतो. पोरांना हेच सगळ्यात आवडलं. दुसऱ्या दिवशी मला तव्याएवढं थालीपीठ लावावं लागलं. उलटताना त्याचे तीन तुकडे झाले.

थोरल्या पुतणीच्या, टियाच्या, बॉयफ्रेंडला बक गाडीच्या डिकीत कोंबतो, ते मात्र मला फारसं रुचलं नाही. हसू येतं, पण ह्यूजनं इथं हात ढिला सोडलाय. त्याआधीचा निर्णय मोलाचा : हमखास पैसे देणारी शर्यत सोडून बक घरातून निघून गेलेल्या पुतणीला शोधायला जातो.

‘अंकल बक’वरूनच मल्याळममध्ये १९९१ साली ‘अंकल बन’ निघाला. त्यात मोहनलालला पोट लावून जाडा केलाय.

कँडी १९९४मध्ये गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी, मेक्सिकोत शूटिंग चालू असताना.

वहिनी पाचव्या दिवशी आल्या. आधी घरभर वास घेतला, मग फ्रिजवरचा कागद काढला. गॅलरीतली सिगरेटची थोटकं त्यांना दुपारी सापडली.