सुई नको, खुराक हवा : नैसर्गिक पद्धतीने शरीर कसे कमवावे?

कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. याच राजाच्या काळात, १९०८ मध्ये, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. पुस्तक आणि तालीम, दोन्ही एकाच गावात वाढली.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच शहरात राजाराम कॉलेजमध्ये शिकले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते. खाशाबांची उंची फार नव्हती, अंगही अवाढव्य नव्हते. होती ती वर्षानुवर्षांची मेहनत.

आज जिममध्ये नाव घातले की महिनाभरात कोणीतरी कानाशी लागतो, "नुसत्या अंड्याने काही होत नाही, एक कोर्स मार." पोलीस भरतीची तयारी करणारी, घरची परिस्थिती बेताची असलेली पोरेही या बोलण्याला फसतात. म्हणून शरीर नेमके कसे वाढते, हे आधी समजून घेऊ.

स्नायू कसा वाढतो?

नेहमीपेक्षा जास्त ओझे उचलले की स्नायूच्या तंतूंवर ताण येतो. हा ताण म्हणजे शरीराला दिलेला निरोप, 'इथे अजून बळ लागणार आहे.' पुढचे एक-दोन दिवस शरीर अन्नातील प्रथिने वापरून ते तंतू जाड करते. म्हणजे व्यायाम हा फक्त निरोप आहे. वाढ होते ती ताटातून आणि झोपेतून. तिन्हींपैकी एक जरी चुकले तरी वाढ थांबते.

व्यायाम किती आणि कसा?

नवख्याला आठवड्यातून तीन दिवस पुरेत. बैठका (स्क्वाट), डेडलिफ्ट, बेंच प्रेस किंवा जोर, खांद्यावरून वर ढकलणे, रोइंग आणि पुल-अप्स, एवढ्यात सारे अंग येते. प्रत्येक प्रकाराचे तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा. सेट संपताना अजून दोनच वेळा जमले असते, इतके वजन हवे.

खरी गोम पुढे आहे. तिन्ही सेटमध्ये १२ वेळा जमले की पुढच्या वेळी वजन थोडे वाढवा, अडीच किलो पुरे. वहीत तारीख, वजन आणि आकडा लिहा. सहा महिने तेच वजन उचलणाऱ्याचे शरीर सहा महिन्यांनीही तेच राहते. जिमची फी परवडत नसेल तर जोर, बैठका, पुल-अप्स आणि पाठीवर वाळूची पिशवी यांवरही चांगली सुरुवात होते.

मुलींनीही वजन उचलावे. त्याने शरीर पुरुषी होत नाही. हाडे आणि सांधे मजबूत होतात.

ताटात काय असावे?

स्नायू वाढवायचे तर दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या तरुणाला साधारण ९५ ग्रॅम. ती घरच्या ताटात बसतात :

• चार अंडी : २४ ग्रॅम
• अर्धा लिटर दूध : १७ ग्रॅम
• ५० ग्रॅम सोयाबीन वड्या : २६ ग्रॅम
• वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ : ९ ग्रॅम
• ५० ग्रॅम शेंगदाणे : १२ ग्रॅम
• ज्वारीच्या तीन भाकरी : १८ ग्रॅम

बेरीज शंभरच्या वर जाते. चिकन, मासे किंवा सुकट असेल त्या दिवशी वड्या आणि दोन अंडी कमी करा. सोयाबीनने पुरुषत्व कमी होते, ही अफवा आहे. कोल्हापूरच्या मिसळीतली मटकीही खुराकच आहे, फक्त तर्री आणि फरसाण आवरते घ्या. अंग फारच बारीक असेल तर भाकरी, भात, केळी वाढवा, कारण पुरेसे इंधन नसेल तर शरीर प्रथिनेच जाळून टाकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नका.

डब्यातली पावडर म्हणजे दुधातलेच प्रथिन. एका चमच्यात साधारण २४ ग्रॅम, म्हणजे चार अंड्यांइतके. ती विष नाही, जादूही नाही. परवडत नसेल तर तिच्यासाठी कर्ज काढू नका.

याबरोबर रोज सात-आठ तास झोप हवी. रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहून सकाळी जिमला जाणारा स्वतःचीच मेहनत वाया घालवतो.

सुईचा हिशेब

स्टेरॉइडने शरीर लवकर फुगते, हे खरे आहे. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे बंद करते. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, काहींची छाती स्त्रीसारखी वाढते. हृदयावर आणि यकृतावर ताण येतो. एकच सुई अनेकांनी वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

दुसरे इंजेक्शन मेफेंटरमाइनचे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठीचे हे औषध आहे. त्याने स्नायू वाढत नाहीत. फक्त थकवा कळेनासा होतो, हृदय धडधडते आणि सवय लागते. ही उघड नशा आहे. पंचशीलातले पाचवे शील रोज म्हणणाऱ्याने ती जिमच्या पिशवीतून घरात आणू नये.

कोणी आधीच घेत असेल तर लाजून लपवू नका. मनाने कमी-जास्त न करता थेट सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना खरे सांगा. मित्र घेत असेल तर त्याला हिणवू नका, सोबत जा.

किती दिवस लागतील?

पहिले सहा-आठ आठवडे ताकद वाढते, पण आरशात फारसे दिसत नाही. इथेच बहुतेक जण सुईकडे वळतात. धीर धरला तर पहिल्या वर्षी महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू वाढू शकतो. पुढे वेग कमी होतो. भरतीच्या मैदानावर मुलांना १६०० मीटर धावायचे असते. तिथे फुगवलेला दंड कामाला येत नाही, श्वास आणि पाय येतात. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस धावणेही ठेवा.

सिद्धार्थ गौतमांनी उपासमारीने शरीर झिजवून पाहिले आणि शेवटी सुजाताची खीर स्वीकारली. शरीराला छळू नये आणि त्याच्या मोहातही पडू नये, हा मध्यम मार्ग व्यायामालाही लागू आहे. वस्त्यांतील मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम काढून विहाराच्या आवारात एक बार, काही वजने आणि एक वही ठेवली, तरी अनेक पोरे सुईपासून दूर राहतील.

जय भीम! नमो बुद्धाय!