जोडीतला दुसरा

६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी. बीडच्या सचिन धसने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या. कर्णधार उदय सहारनने १२४ चेंडूंत ८१. भारत जिंकला आणि सामनावीर ठरला सहारन.

बीडमध्ये या सामन्याचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, पोरावर अन्याय झाला. पंधरा धावा जास्त, चेंडू कमी, तरी मान दुसऱ्याला. दुसरा म्हणतो, पोरगा गुणी आहे, पण संघाचा खरा आधार सहारनच, हा आपला दुसरा. गंमत अशी की दोघांच्याही बोलण्याच्या बुडाशी एकच समज आहे: दुसरा म्हणजे पहिल्यापेक्षा थोडा कमी. हा समज काही बीडपुरता नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये तर एखादा तरुण फॉरवर्ड विजेत्या संघाचा ‘दुसरा तारा’ होऊ शकतो का, यावर वर्षानुवर्षं वाद घातले जातात, आणि तिथेही बहुतेक जण गुणांचे आकडे पुढे करून नंबर लावून मोकळे होतात.

हा समज चुकीचा आहे, हे खरं तर आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. ऊसतोडीचा हिशेब इथे माणशी होत नाही, कोयत्यामागे होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती त्या कोयत्याला. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. ऊस तोडणं, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणं, या कामांत पहिलं कोण आणि दुसरं कोण, हे सांगता येईल का? वहीत नाव मात्र बहुधा नवऱ्याचं लागतं. सामनावीराच्या पुरस्काराचंही थोडंफार असंच आहे.

समज: ज्याच्या धावा जास्त तो पहिला

बेनोनीचा सामना चेंडूंच्या हिशेबात मांडून पाहा. लक्ष्य २४५. यजमान संघाच्या क्वेना माफाकाच्या पहिल्याच चेंडूवर आदर्श सिंग बाद. मग मुशीर खान, सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी, प्रियांशु मोलिया. बाराव्या षटकात धावफलक ४ बाद ३२. आता उरलेल्या साधारण २३० चेंडूंत २१३ धावा हव्यात, म्हणजे षटकाला साडेपाच, आणि यानंतर फलंदाज म्हणावेत असे फारसे उरलेले नाहीत.

दोघेही सहारनच्या गतीने खेळले असते, तर तेवढ्या चेंडूंत दीडशेच्या आसपास धावा झाल्या असत्या. विकेट वाचल्या असत्या, सामना गेला असता. दोघांनीही धसच्या गतीने फटके मारायला घेतले असते, तर एखादा लवकर बाद होऊन शेपूट उघडं पडण्याचा धोका होता. एकाने बाजू लावून धरली म्हणून दुसऱ्याला हात मोकळे सोडता आले. आणि दुसरा चेंडूमागे धाव काढत होता, म्हणूनच पहिल्याला आवश्यक गतीचा काच जाणवला नाही. ही देवाणघेवाण धावफलकावर कुठल्याच रकान्यात येत नाही. तिथे येते फक्त १७१ धावांची भागीदारी.

धस शतकाला चार धावा कमी असताना बाद झाला, तेव्हा अजून ४२ हव्या होत्या. सहारन धावचीत झाला तो धावसंख्या बरोबरीत आल्यावर. विजयी चौकार राज लिंबानीच्या बॅटमधून निघाला, दोन गडी आणि सात चेंडू राखून. म्हणजे ‘सामना संपवतो तोच खरा’ या समजालाही इथे जागा उरत नाही. संपवला तो तिसऱ्याने.

समज: दुसऱ्याचं काम म्हणजे पहिल्याचंच, फक्त कमी प्रमाणात

इथे मला बेनोनीच्या साधारण बावीस वर्षं मागे, हेडिंग्लेला जावंसं वाटतं. ऑगस्ट २००२. इंग्लंडमध्ये चार कसोटींची मालिका, भारत एक सामना हरलेला. ढगाळ हवा, चेंडू हलतोय, आणि सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सेहवाग लवकर गेला, १ बाद १५. दुसऱ्या टोकाला सलामीला आलेला माणूस होता संजय बांगर. जन्म बीडचा, पुढे रेल्वेकडून खेळून भारतीय संघात पोहोचलेला.

बांगरने त्या दिवशी २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या. आजच्या पोरांना हा आकडा दाखवला तर ती हसतील. पण बांगर बाद झाला तेव्हा धावफलकावर १८५ होत्या. राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागी झाली होती आणि चेंडूची धार गेली होती. मग द्रविडचे १४८, तेंडुलकरचे १९३, गांगुलीचे १२८, आणि ८ बाद ६२८ वर डाव घोषित. भारत एक डाव आणि ४६ धावांनी जिंकला. बांगरने दुसऱ्या डावात दोन बळीही घेतले. सामनावीर द्रविड.

१७० आणि १७१. दोन्ही भागीदाऱ्यांत एक टोक बीडच्या माणसाचं आणि दोन्ही वेळा मान समोरच्याला. हा योगायोगच, त्यात मातीचे गुण वगैरे शोधायला मी जाणार नाही. पण दोन डाव शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. बांगरचं काम हळू खेळण्याचं होतं, धसचं वेगाने. एकाने शंभर चेंडूंमागे एकोणतीसच्या गतीने संघाची सेवा केली, दुसऱ्याने शंभराच्या. दुसऱ्याला ठरावीक साचा नसतो. संघाला त्या घडीला जे कमी पडतंय ते पुरवणं, एवढीच त्याच्या कामाची व्याख्या.

बास्केटबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण स्कॉटी पिपेनचं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं हॅम्बर्ग नावाचं छोटं गाव, आणि फारसं कोणाला माहीत नसलेलं कॉलेज. तिथे सुरुवातीला तो संघाचा व्यवस्थापक म्हणून सामानसुमान सांभाळत होता. १९८७ मध्ये तो शिकागो बुल्सकडे आला. मायकल जॉर्डन तिथे आधीपासून होता आणि धावांचे, म्हणजे त्यांच्या भाषेत गुणांचे, डोंगर रचत होता. तरी पिपेन येण्याआधीच्या तीन वर्षांत बुल्स बाद फेरीत दहापैकी एकच सामना जिंकले होते. १९९१ च्या अंतिम फेरीत पहिला सामना हरल्यावर मॅजिक जॉन्सनला रोखायचं काम मुख्यतः पिपेनवर आलं. उंच, लांब हातांचा फॉरवर्ड, चेंडू आणणाऱ्याच्या छातीशी चिकटून. जॉर्डनवरचा तेवढा भार उतरला. बुल्सने पुढचे चारही सामने जिंकले. त्या दोघांनी मिळून सहा विजेतेपदं मिळवली. त्या सहापैकी एकाही हंगामात संघात सर्वाधिक गुण मिळवणारा पिपेन नव्हता.

समज: दुसरा तारा शांत, निरिच्छ, मागे राहण्यात समाधानी असतो

साफ चूक. १९९३-९४ मध्ये जॉर्डन निवृत्त झाला, पिपेन पहिला झाला आणि संघाने ५५ सामने जिंकले; आदल्या वर्षीपेक्षा फक्त दोन कमी. मात्र त्याच वर्षी बाद फेरीत शेवटचे १.८ सेकंद उरलेले असताना प्रशिक्षकाने निर्णायक फटका टोनी कुकोचला दिला, म्हणून पिपेन रागाने मैदानात उतरायलाच तयार झाला नाही. कुकोचने चेंडू टाकला आणि संघ तो सामना जिंकला! ती मालिका मात्र बुल्स हरले. महत्त्वाकांक्षा नसलेला माणूस त्या पातळीला पोहोचतच नाही. त्याला जमावं लागतं ते तिला वेळेवर मुरड घालणं, आणि पिपेनलाही ते रोज जमत होतं असं नाही.

समज: वय लहान म्हणजे जबाबदारी पेलणार नाही

यावर ठाम नियम सांगणाऱ्यापासून जपून राहावं. पिपेनला पहिलं विजेतेपद चौथ्या हंगामात मिळालं. बोस्टनच्या जेलन ब्राऊनला आठव्या हंगामात, २०२४ साली. आणि गंमत म्हणजे जेसन टेटम पहिला तारा मानला जात असताना अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ब्राऊन ठरला. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीचा जेलन विल्यम्स हा फॉरवर्ड तिसऱ्याच हंगामात, चोविसाव्या वर्षी, शे गिल्जस-अलेक्झांडरच्या जोडीने विजेता झाला. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात त्याने एकट्याने ४० गुण केले. २०२२ च्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) तो बाराव्या क्रमांकावर होता.

धस बेनोनीत खेळला तेव्हा त्याला एकोणीस वर्षं पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. त्याच्या चार दिवस आधी ब्लोमफाँटेनला नेपाळविरुद्ध ३ बाद ६२ वर याच जोडीने २१५ धावा जोडल्या होत्या. धस ११६, सहारन १००. त्याआधीच्या चार सामन्यांत मात्र धसच्या धावा होत्या २६, २१, २० आणि १५. शेवटच्या षटकांत येऊन पटापट काढलेल्या. खालच्या क्रमांकावरच्या पोराकडे मोठा डाव आहे हे वरचे फलंदाज टिकत होते तोवर कोणाला कळलंच नाही. तरुण दुसरा तारा कित्येकदा असा झाकलेला असतो.

समज: दुष्काळी बीड, म्हणून जिद्द

ही कथा वाचायला छान लागते, म्हणून ती सगळ्यांना चिकटवली जाते. याच जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे कष्टकरी घरातून आला, लष्करात गेला, सियाचिनला राहिला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये अवघ्या पाच शतांश सेकंदाने त्याचं सुवर्ण हुकलं. त्याची गोष्ट खरीच तशी आहे. धसची तशी नाही. वडील आरोग्य खात्यात, स्वतः क्रिकेट खेळलेले. आई पोलीस अधिकारी. मुलाचं नाव तेंडुलकरवरून ठेवलेलं, पाठीवर क्रमांकही दहाच. लहानपणापासून शेख अझर यांच्यासारखा प्रशिक्षक. उणीव होती ती खेळपट्टीची, कारण सराव अर्ध्या टर्फवर. घराने वेळ, पैसा आणि शिस्त दिली, हे मान्य केलं तर पुढच्या पोराला काय लागेल ते तरी कळतं; नुसत्या जिद्दीचे पोवाडे गाऊन मैदानं होत नाहीत.

समज: आता हा भारताकडून खेळणारच

२०१२ चा एकोणीस वर्षांखालील अंतिम सामना आठवा. टाउन्सव्हिलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कर्णधार उन्मुक्त चंदने नाबाद १११ केल्या आणि स्मित पटेलबरोबर १३० ची अभंग भागीदारी करून चषक आणला. चंद भारताच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळला नाही. २०२१ मध्ये इथलं क्रिकेट सोडून अमेरिकेला गेला. त्या दिवशी नाबाद ६२ करणारा पटेल आज किती जणांना आठवतो?

धसचा विश्वचषकही चषकाविना संपला. ११ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला ७९ धावांनी हरवलं, धसच्या धावा ९. स्पर्धेत एकूण ३०३. सहारनच्या ३९७, सगळ्यांत जास्त. त्यामुळे बीडचा पोरगा विजेत्या संघाचा दुसरा तारा झाला का, या प्रश्नाचं काटेकोर उत्तर ‘उपविजेत्या संघाचा’ असंच द्यावं लागतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र रणजी सामन्यात मुंबईशी खेळत होता. पहिल्या डावात १२६ वर सगळे गारद. दुसऱ्या डावात कर्णधार ऋतुराज गायकवाडने १४५ केल्या आणि समोरच्या टोकाला होता सचिन धस. सामना मुंबईने जिंकला. धस ९८ वर बाद झाला.