आधी आईची चौकशी

मूल आईच्या मांडीवर असतं आणि डॉक्टरबाई त्याच्याशी गप्पा मारत त्याचं मनगट अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपत असतात. पुण्यातल्या एका बालरुग्ण विभागात मी अधूनमधून त्यांच्या शेजारी बसते. मनगट रुंद, गाठाळ लागलं की पुढची तपासणी ठरलेली. टाळू भरली का? छातीच्या दोन्ही बाजूंना, बरगड्या कूर्चेला मिळतात तिथे, फुगवटे लागतात का? उभं केल्यावर पाय धनुकलीसारखे वाकतात का? दात किती आले? घरच्यांची तक्रार बहुधा एवढीच असते, की दीड वर्षाचा झाला तरी चालत नाही.

मग एक्स-रे. मनगटाशी हाताची दोन्ही हाडं जिथे संपतात, तिथली कड निरोगी मुलात ठळक आणि नितळ दिसते. मुडदूस असेल तर ती कड विसविशीत होते, हाडाचं टोक पसरतं आणि मधोमध खोलगट होतं. मूल वाढत असतं, कूर्चा तयार होत असते, पण तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस बसत नाही, कारण आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लागणारं ड जीवनसत्त्व अंगात नसतं. मऊ राहिलेल्या त्या हाडांवर उभं राहिल्याचा भार पडतो आणि ती वाकतात. औषध सुरू केल्यावर महिनाभराने काढलेला एक्स-रे डॉक्टरबाई मला आवर्जून दाखवतात. आधी जिथे नुसता धूसरपणा होता, तिथे बारीकशी पांढरी रेघ उमटलेली असते. कॅल्शियम बसायला लागलं, याची ती पहिली खूण. आईलाही त्या पडद्याजवळ बोलावतात, रेघेवर बोट ठेवायला लावतात. दोन एक्स-रे शेजारी शेजारी पाहिलेली आई औषध मध्येच सोडत नाही, असा त्यांचा अनुभव.

यानंतरचा त्यांचा प्रश्न ऐकून मात्र आया गोंधळतात. "तुमची कंबर दुखते का हो? जिना चढताना मांड्या भरून येतात?"

"माझं काही नाही मॅडम, याला दाखवायला आणलंय."

पण पोटातल्या बाळाला ड जीवनसत्त्व मिळतं ते फक्त आईकडून, नाळेवाटे. जन्मतः बाळाच्या रक्तातली पातळी आईपेक्षा कमीच असते. आईचीच पातळी खालावलेली असेल तर बाळ जवळजवळ रिकाम्या हाताने जगात येतं. पुढे आईच्या दुधातून मिळेल म्हणावं, तर त्यातही ड अगदी थोडं. अशा बाळाला दोन-तीन महिन्यांचं असताना, अंगात ताप नसताना आकडी येऊ शकते, कारण रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. हे सांगितलं की एखादी सासू लगेच म्हणते, मग वरचं दूध सुरू करूया. डॉक्टरबाई तिथेच थांबवतात. अंगावरचं दूध सोडायचं नाही. बाळाला जन्मापासून वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्यायचे, आणि त्यासाठी सरसकट रक्त तपासायचीही गरज नाही.

"पण आम्ही रोज कोवळ्या उन्हात धरतो की त्याला," आजी म्हणते. मालीश झाली, अंघोळ झाली, धुरी दिली की टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून बाळाला उन्हं दाखवायची, ही आपल्याकडची रीत. त्यातली माया खरी आहे. पण सकाळी सूर्य खाली असतो, किरण तिरपे येतात, आणि त्वचेत ड तयार करणारे अतिनील-ब किरण हवेच्या जाड थरातच अडतात. आपली सावली आपल्याहून लांब पडते तोवर त्या उन्हातून ड फारसं मिळत नाही. खिडकीची काच तर हे किरण जवळपास अडवूनच टाकते. आणि तान्ह्या बाळाला दुपारच्या उन्हात धरता येत नाही, धरूही नये. म्हणून थेंब.

मोठ्यांचंही ऊन तुटलं आहे. 1922 साली हचिसन आणि शहा यांनी नाशिकमधली पाहणी प्रसिद्ध केली होती. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांमध्ये त्यांना हा हाडांचा आजार दिसला. हलकं जेवण जेवणाऱ्या, पण उन्हात वावरणाऱ्या गरिबांमध्ये दिसला नाही. आज गरिबाकडे तेही ऊन उरलेलं नाही. दोन हातांची गल्ली, वर पत्रे, आई धुण्याभांड्यांना गेली की मूल दिवसभर खोलीत. दूध चहापुरतं, म्हणजे कॅल्शियमचीही वानवा. पुण्यातच संशोधकांनी वस्तीतल्या लहान मुलांना कॅल्शियम घातलेले लाडू देऊन पाहिले होते. मुलांना आवडेल अशा खाऊतून हे देण्याची ती कल्पना अंगणवाडीच्या ताटापर्यंत पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

औषधाची बाटली हाती आली तरी काम संपत नाही. एका कंपनीच्या एका मिलिलिटरमध्ये 400 युनिट, दुसरीच्या तेवढ्याच औषधात 800. दुकानदार "तेच आहे" म्हणून बदलून देतो. म्हणून डॉक्टरबाई बाटली घेऊन परत यायला सांगतात, आईकडून ड्रॉपर भरून घेतात, कुठल्या रेघेपर्यंत ते पेनाने खूण करून दाखवतात. मोठ्यांच्या 60,000 युनिटच्या पुड्या शेजारणीच्या सल्ल्याने लहान मुलाला देणाऱ्यांवर त्या खरोखर रागावतात. ड जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूल मलूल पडतं, मूत्रपिंडाला इजा होते.

आईसाठी सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या फुकट मिळतात. एका गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट ड. चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन. लोहाची गोळी वेगळी. घरोघरी काय होतं, तर रात्री झोपताना लक्षात येतं आणि सगळ्या गोळ्या एकाच घोटात जातात. कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह त्यानंतर निदान दोन तासांनी, एवढं एक वाक्य सांगायला आशाताईला दारात दोन मिनिटं उभं राहता आलं पाहिजे, आणि तिच्यामागे इतकी कामं लावली आहेत की तीच दोन मिनिटं मिळत नाहीत.

इथे केसपेपर मुलाच्या नावाचा असतो. आईला गोळ्या हव्यात तर दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या रांगेत, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी. दुसरा दिवस म्हणजे आणखी एक रोज बुडणार, म्हणून ती जात नाही. परवा पाय वाकलेल्या मुलाला घेऊन आलेल्या बाईला पाचवा महिना होता आणि अजून एकही कॅल्शियमची गोळी तिच्या पोटात गेली नव्हती. डॉक्टरबाईंनी तिला जाऊच दिलं नाही. गरोदर मातांच्या तपासणीच्या सिस्टरला फोन लावला, गोळ्या वरच मागवून घेतल्या आणि मुलाच्या कागदावर, त्याच्या औषधांखाली, आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या.