मावशीच्या कॅलेंडरवरचे आकडे

लालबागला माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे लिहायची तिची जुनी सवय. मागे एकदा त्या खाड्यांशेजारी निळ्या पेनाने वेगळेच आकडे दिसायला लागले : 20, 20, 20, पुढे 15. ते प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचे मिलिग्रॅम होते. संधिवाताने तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली होती. बाकीच्या औषधांचा गुण येईपर्यंत डॉक्टरांनी काही महिन्यांसाठी ही गोळी दिली होती आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करायची होती.

15 वर असताना एका शेजारणीने तिला सांगितलं, "अगं बाई, स्टेरॉईड आहे ते. आजच बंद कर." मावशीने बंद केलं. चार दिवसांत तिच्या अंगात त्राण उरलं नाही. उभी राहिली की घेरी, अन्न नकोसं, उलट्या. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब खाली गेला होता. सलाईन लावलं, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत ती उठून चहा मागू लागली. जे विष समजून तिने टाकलं होतं, त्याच्याच एका भावंडाने तिला उभं केलं. असं का झालं, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

स्टेरॉईड हे मुळात आपल्या शरीराचंच काम. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक अधिवृक्क ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या सालीत तीन थर असतात. बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन बनतं. ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं आणि रक्तदाब टिकवतं. मधल्या थरात कॉर्टिसॉल बनतं. उपाशीपोटी साखर पडू न देणं, ताप आला, मार लागला की शरीराला तग धरायला लावणं, सूज आटोक्यात ठेवणं ही त्याची कामं. आतला थर पुरुषी संप्रेरकांचा कच्चा माल तयार करतो. याखेरीज अंडाशय, वृषण आणि गरोदरपणी वार यांच्याकडेही हीच कला आहे.

या सगळ्यांचा कच्चा माल एकच, आणि तो म्हणजे कोलेस्टेरॉल. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ज्याचा आकडा वाढला की आपण धास्तावतो, तेच. त्याच्या रेणूत 27 कार्बन असतात. एक प्रथिन त्याला पेशीतल्या तंतुकणिकेच्या आत नेऊन पोचवतं आणि सगळ्या कामाचा वेग या पोचवण्यावरच ठरतो. आत पहिली कात्री चालते, 6 कार्बन गळतात आणि 21 कार्बनांचं प्रेग्नेनोलोन उरतं. प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन ही तिन्ही 21 चीच. आणखी दोन कार्बन गेले की 19 चं टेस्टोस्टेरॉन, आणि त्यातला एक गेला की 18 चं इस्ट्रोजेन. पुरुषपण आणि बाईपण यांच्या संप्रेरकांत अंतर एवढंच. शिवाय बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांमधूनच बनतं.

या वाटेवरचं एखादं विकर जन्मतःच अधू असलं तर काय होतं, ते बालरोगतज्ज्ञांना ठाऊक असतं. 21-हायड्रॉक्सिलेज नावाचं विकर कमी पडलं की कॉर्टिसॉल पुरेसं बनत नाही आणि अडलेला माल पुरुषी संप्रेरकांच्या वाटेला वळतो. अल्डोस्टेरॉनही कमी पडलं तर तान्ह्या बाळाच्या अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. वेळीच ओळखलं तर उपाय अगदी साधा आहे. शरीर जे बनवू शकत नाही, ते गोळीतून रोज द्यायचं.

स्टेरॉईड साठवून ठेवता येत नाही. लागेल तसं बनवायचं आणि लगेच रक्तात सोडायचं. ते स्निग्ध असल्यामुळे पेशीच्या आवरणातून आत शिरतं, आपल्या ठरलेल्या ग्राहीला जाऊन चिकटतं आणि कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं थांबवायचं हे सांगतं. म्हणून त्याचा बहुतेक परिणाम दिसायला काही तास लागतात. कॉर्टिसॉल किती बनवायचं, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. हा हुकूम पहाटे जोरात असतो आणि मध्यरात्री मंदावतो. मावशीच्या चिठ्ठीवर "सकाळी नाश्त्यानंतर" असं लिहिलेलं होतं. शरीराच्या या घड्याळाला धरूनच डॉक्टरांनी ती वेळ दिली होती.

आता तिच्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. निरोगी माणसाचं शरीर दिवसाला जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, त्याची बरोबरी साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनशी होते. म्हणजे 20 ची गोळी चौपट. पीयूषिकेला रक्तात मुबलक माल दिसतो, ती हुकूम द्यायचं थांबवते आणि अधिवृक्क ग्रंथीचे तो हुकूम पाळणारे थर हळूहळू आक्रसतात. चार-आठ दिवसांच्या गोळ्यांनी सहसा असं होत नाही, महिन्यांनी होतं. ग्रंथी झोपलेली असताना गोळी एकदम तोडली की शरीरात ना बाहेरचं स्टेरॉईड उरतं, ना घरचं. पायरीपायरीने उतरायचं ते ग्रंथीला जागं व्हायला अवधी मिळावा म्हणून, आणि तिला पुरतं जागं व्हायला कधी कधी कित्येक महिने लागतात.

लालबागपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, परळमध्ये, या रेणूंवर आयुष्यं वेचली गेली आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली उघडलं. तिथल्याच परिसरात इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवर प्रयोग करून स्तनाचा कर्करोग, संप्रेरकं आणि विषाणू यांचं नातं शोधलं. पुढे टाटातच डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या 1,000 बायकांची चाचणी घेतली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं. 2011 साली निष्कर्ष छापून आले. सगळ्या मिळून फरक ठामपणे दिसला नाही, पण रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेल्या बायकांमध्ये तो दिसला. एका स्वस्त, जुन्या संप्रेरकाला इतक्या कसोशीने तपासून पाहणारं काम आपल्या परळमध्ये झालं, याचा मला अभिमान वाटतो.

त्याच आवारात अनेकींच्या पिशवीत लेट्रोझोलची गोळी असते. मघाशी सांगितलेली 19 वरून 18 ची पायरी ही गोळी अडवते. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या गाठीचं खाणं तोडायचं, तेही एका कार्बनाच्या हिशोबाने.

हा हिशोब न ठेवता घेतलेलं स्टेरॉईड घात करतं. पावसाळ्यात दमट कपड्यांनी नायटा होतो. कुणी तरी सुचवलेल्या मलमाने खाज थांबते, पण त्यात स्टेरॉईड असेल तर आत बुरशी पसरत जाते आणि कातडी पातळ होते. जिममध्ये दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची भावंडं टोचून घेणाऱ्या पोरांच्या बाबतीत मावशीचंच गणित चालतं. मेंदूला माल मुबलक दिसतो, हुकूम थांबतो, वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात. या पोरांशी कुणी तरी जवळ बसवून बोलायला हवं. नुसतं रागावून भागणार नाही.

मावशीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली, पुन्हा उतरवत आणली. तिचा चेहरा गोल झाला होता, साखर वाढली होती. ते त्रास खरे होते आणि ते डॉक्टरांना सांगायचे होते, शेजारणीला नव्हे. आता तिच्या पाकिटात एक चिठ्ठी असते : 'मी काही महिने स्टेरॉईड घेतलं आहे.' मोठा ताप आला किंवा शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर डॉक्टरांना हे आधी कळलं पाहिजे, कारण जास्तीची गरज भागवायला तिची ग्रंथी अजून पुरी पडेलच असं नाही.

परवा गेलो तेव्हा कॅलेंडर पाहिलं. चौकटीत अडीच लिहिलं होतं आणि खाली दुधाचा एक खाडा. "एवढीशी गोळी," ती म्हणाली, "पण चुकवत नाही हो. आतली बाई उठेपर्यंत आपण सांभाळायचं."