हातोड्याचा नाद आणि कामगाराचा कान

धातुकामातील दुखापत म्हटली म्हणजे तुटलेले बोट किंवा भाजलेला हात डोळ्यांपुढे येतो. परंतु या धंद्यातील एका इजेत रक्त सांडत नाही, की जखम दिसत नाही. ती इजा म्हणजे आवाजाने येणारे बहिरेपण.

व्हेनिसमधील तांबट दिवसभर तांबे ठोकून प्रथम कमी ऐकू लागतात व त्याच धंद्यात म्हातारे झाले की ठार बहिरे होतात, असे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी यांनी आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत नमूद केले. १८८६ मध्ये ग्लासगोचे डॉक्टर टॉमस बार यांनी बॉयलर बनविणारे १०० कामगार तपासले. त्यांपैकी एकाचेही कान निर्दोष निघाले नाहीत.

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. ध्वनीची जाणीव मज्जातंतूंकडे त्याच पोचवितात. सततच्या ठोक्यांनी त्या मरतात आणि त्वचेप्रमाणे पुन्हा भरून येत नाहीत. आधी उंच स्वर हरपतात. 'स' आणि 'श' यांतील भेद पुसट होतो. बोलणे कानी पडते, पण उमगत नाही. मग माणूस चारचौघांत बसणेच टाळू लागतो.

पुण्याच्या तांबट आळीतील भांड्यांना मठारकामाची शोभा येते ती ठोक्यांनीच. ठोका थांबणे शक्य नाही. कान झाकणे मात्र शक्य आहे, आणि तेही उमेदवारीच्या पहिल्या दिवसापासून. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. मेलेल्या पेशी जिवंत करीत नाही.