राक्षस कोण ठरवतो?

सातारा-सांगली भागातल्या अभ्यासशिबिरांतून बोलताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : ‘‘सर, शत्रूला शत्रू म्हणायला आपण का कचरायचे?’’ कचरू नये, हे माझे पहिले उत्तर. पण शत्रू कोण हे नेमके सांगता आले पाहिजे, हे दुसरे. त्या दुसऱ्या उत्तराचा हा खुलासा.

प्रतिपक्षाला माणसांतून उठवण्याची विद्या या देशात जुनी आहे. पुराणांनी ज्यांना दैत्य, राक्षस म्हटले ते इथले मूळचे लोक होते, राक्षस म्हणजे रक्षण करणारे, अशी मांडणी जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त केली. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होवो वा न होवो, त्यामागचे निदान अचूक आहे. माणसाला एकदा राक्षस ठरवले की त्याचे म्हणणे ऐकावे लागत नाही आणि त्याचा वध पुण्यकर्म ठरतो. ही विद्या आपल्याच पूर्वजांवर चालली. ती आपण उसनी घ्यावी काय?

याच भूमीतला दाखला घेऊ. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे पेटली. सावकारीने नाडलेल्या कुळांचा राग खोटा नव्हता. परंतु जमावाने खातेवही तपासली नाही, जात तपासली. कटाशी सुतराम संबंध नसलेली कुटुंबे उघड्यावर आली; कित्येकांनी पुण्या-मुंबईची वाट धरली.

यातून आमच्या पदरात काय पडले? वाडे जळाले, पाणवठे मात्र वेगळेच राहिले. ज्या महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते संपायला १९५८चा कायदा यावा लागला. आगीत माणसे होरपळली, व्यवस्था शाबूत राहिली. ब्राह्मण गेला, पण गावाच्या उतरंडीतली त्याची जागा रिकामी राहिली नाही.

बाबासाहेबांची भूमिका या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखी आहे. जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावर खटला झाला, तेव्हा १९२६ साली बॅरिस्टर म्हणून ते जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहिले. मात्र पुढच्याच वर्षी महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना याच जेधे-जवळकरांनी ब्राह्मणांना त्यात घेऊ नये अशी अट घातली, ती त्यांनी साफ नाकारली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण होते. १९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही हा शत्रू म्हणून जाहीर केला आणि ती केवळ ब्राह्मणांपुरती नाही, सर्व वर्गांत शिरलेली आहे, हेही त्याच भाषणात बजावले.

यावर कोणी म्हणेल, हा मवाळपणा झाला. नाही. ग्रंथ जाळणे मवाळ नव्हते. पण ग्रंथातले वचन दाखवता येते, त्याचा परिणाम सिद्ध करता येतो, त्यावर वाद करता येतो. जन्मावर वाद करता येत नाही; तिथे फक्त काडी ओढता येते. गोलमेज परिषदेच्या काळात बाबासाहेबांनाही वर्तमानपत्रांनी देशद्रोही ठरवले होते. त्यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्यापेक्षा ते सोपे होते.

आणि काडी ओढण्याची मुभा एकदा समाजमान्य झाली की ती कोणाच्या वस्तीकडे वळते? १९७८ साली नामांतराचा ठराव होताच मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. ज्याच्या पाठीशी संख्या नाही, त्याला ही विद्या परवडत नाही.

म्हणून शिबिरातल्या त्या तरुण मित्रांना माझे सांगणे एवढेच : आरोप करा, कठोर करा, पण तो कृतीवर, वचनावर, कायद्यावर करा. जातीचे नाव पुसून वाचला तरी आरोप उभा राहतो का, ते पाहा. राहत नसेल तर तो आरोप नव्हे, शिवी आहे. आणि शिव्यांचा अनुभव आपल्याला कमी नाही.