हार्ट फेल्युअर : घरची काळजी व औषधांचे सातत्य

रुग्णालयातून सावरून घरी गेलेला रुग्ण दीड-दोन महिन्यांतच धाप लागलेल्या अवस्थेत पुन्हा अतिदक्षता विभागात दाखल होतो, हे दृश्य हृदयरोग विभागात काम करणाऱ्या आम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन्ही वेळा उपचार बहुतांशी तेच असतात आणि दोन्ही वेळा कुटुंबाला तोच खर्च सोसावा लागतो. मधल्या काळात घरी काय घडले याची चौकशी केली असता बहुधा असे कळते की, बरे वाटू लागल्याने गोळ्या बंद केल्या होत्या, जेवणातील मीठ पूर्ववत सुरू झाले होते, किंवा पायांवर सूज दिसूनही 'आणखी दोन दिवस पाहू' असे ठरले होते. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय हे तिघेही या अहवालाचे वाचक आहेत. म्हणून या आजाराचा जो भाग घरातच सांभाळावा लागतो, त्याविषयी येथे काहीसे विस्ताराने लिहीत आहोत.

'हार्ट फेल्युअर' या शब्दानेच पुष्कळ घरांत घबराट पसरते. हृदय बंद पडले, असा त्याचा अर्थ लावला जातो. वस्तुतः हृदय चालू असते. परंतु शरीराच्या गरजेइतके रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, अथवा त्यासाठी हृदयातील दाब अवाजवी वाढतो. हृदयविकाराचा झटका हा निराळा प्रसंग होय. मात्र झटक्यात हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झाला तर पुढे ही अवस्था उद्भवते. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, मधुमेह, अतिमद्यपान व झडपांचे विकार हीदेखील तिची कारणे आहेत. आपल्या देशात लहानपणच्या संधिज्वराने झडपा खराब झालेल्या तरुण स्त्रियाही या रुग्णांत आढळतात.

टूडी-एको तपासणीत दिसणारा 'पंपिंग'चा आकडा नातेवाईक परीक्षेतील गुणांप्रमाणे वाचतात. निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आतील रक्ताचा सुमारे ५५ ते ७० टक्के भागच बाहेर टाकते. १०० टक्के पंपिंग कोणाचेच नसते. तेव्हा ३० टक्के पंपिंग म्हणजे ७० टक्के हृदय गेले, असा हिशेब करू नये. उलटपक्षी, ५० टक्क्यांहून अधिक पंपिंग असूनही हृदय ताठर झाल्यामुळे धाप व सूज येणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांनीही निर्धास्त राहू नये.

आजाराचे गांभीर्य लपविण्यात अर्थ नाही. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली या आजारासाठी रुग्णालयांत दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांतील अशा नोंदींत ते सत्तरीच्या पुढे असते. वर्षभरात यांपैकी सुमारे ३१ टक्के रुग्ण दगावले. आपल्याकडे हा आजार घरातील कर्त्या माणसाला लवकर गाठतो आणि दाखल झाल्यानंतरचे पहिले वर्ष विशेष जोखमीचे असते, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

आता घरी काय घडते ते पाहू. हृदयाकडून येणारा रक्तपुरवठा कमी पडू लागला की मूत्रपिंडांची एक प्रकारे दिशाभूल होते. शरीरात पाणीच कमी आहे असे गृहीत धरून ती मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. हे जादा पाणी प्रथम रक्तात, मग पायांत, पोटात आणि फुप्फुसांत साचते. 'छातीत पाणी झाले' असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा हीच अवस्था अभिप्रेत असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. त्यामुळे सूज डोळ्यांना दिसण्यापूर्वी आणि धाप लागण्यापूर्वीच अनेकदा वजनकाट्यावर तिची चाहूल लागते.

म्हणूनच आमच्या मते या रुग्णाच्या घरातील सर्वांत उपयुक्त उपकरण म्हणजे साधा वजनकाटा. रोज सकाळी, शौचविधी आटोपल्यावर, चहा-नाश्त्यापूर्वी, साधारण तशाच कपड्यांत वजन करावे आणि तारखेसह वहीत लिहावे. काटा सतरंजीवर न ठेवता कठीण फरशीवर ठेवावा. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक किंवा एका दिवसात सव्वा-दीड किलो वजन वाढले, तर भूक वाढल्याने अंग भरले असे समाधान करून घेऊ नये; ते पाणी आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. काही रुग्णांना अशा वेळी पाण्याची गोळी किती वाढवावी हे आधीच लिहून दिलेले असते; त्यांनी त्याप्रमाणे करावे. वजन झपाट्याने उतरू लागले, चक्कर येऊ लागली, तर तेही कळवणे तितकेच आवश्यक आहे.

मिठाचा प्रश्न स्वयंपाकघराचा असल्याने तो सर्वांत अवघड ठरतो. दिवसभरात सर्व पदार्थांतून मिळून पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे जेमतेम एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, अधिक मीठ पोटात जाऊ नये. आमटी-भाजीतील मीठ कमी केले म्हणून काम भागत नाही. आपल्या पानाची डावी बाजू हीच खरी अडचण आहे : लोणचे, पापड, चटणी, तळलेली सांडगी मिरची. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो. कोकणात सुकट व खारवलेली मासळी, इतरत्र फरसाण, खारे शेंगदाणे, पाव आणि बिस्किटे यांतूनही मीठ नकळत जाते. पोट फुगल्यावर घेतल्या जाणाऱ्या सोड्याच्या फसफसणाऱ्या पुडीतसुद्धा सोडियम भरपूर असते.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. सैंधव 'चालते', अशी पुष्कळांची समजूत असते. सैंधव व पादेलोण हेही प्रामुख्याने मीठच आहेत. हृदयाच्या दृष्टीने त्यांत व साध्या मिठात फरक करू नये. बाजारात मिळणारे 'कमी सोडियम'चे मीठ तर आणखी धोक्याचे ठरू शकते. त्यात पोटॅशियम असते, आणि या आजारातील काही औषधांमुळे शरीरातील पोटॅशियम आधीच वाढलेले असण्याचा संभव असतो. नारळपाणी रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, तेही याच कारणासाठी. लिंबू, आमसूल, आले, लसूण, जिरे व कोथिंबीर यांनी अळणी जेवणाला चव आणता येते. रुग्णासाठी निराळे शिजवण्याऐवजी घरातील सर्वांचेच मीठ कमी करावे असे आम्ही सुचवितो. पाच ग्रॅमहून कमी मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला निरोगी प्रौढांसाठीही आहे. शिवाय एकट्याचे वेगळे ताट फार दिवस टिकत नाही.

पाणी किती प्यावे याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. आजार तीव्र असल्यास दिवसाला दीड ते दोन लिटरची मर्यादा घातली जाते, आणि त्यात चहा, ताक, वरण हे सर्व मोजावयाचे असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम फार जातो. तेव्हा ही मर्यादा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी.

औषधांविषयी मात्र आम्हांस आग्रहाने लिहावेसे वाटते. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी हृदयाची गती कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे दुर्बल हृदयाला हितकारक ठरू शकतात असे मांडले, तेव्हा ते अनेकांना पटले नाही. थकलेल्या बैलाला आणखी संथ का करावे, असा तो विचार होता. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी या औषधांमुळे मृत्यू कमी होतात हे सिद्ध केले. ती अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात आणि पहिले काही आठवडे थोडा थकवा जाणवू शकतो. नेमक्या याच टप्प्यावर 'गोळीने अशक्तपणा आला' म्हणून औषध सोडले जाते. असाच संभ्रम डापाग्लिफ्लोझिनबाबत होतो. मूळचे मधुमेहाचे हे औषध मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही उपयोगी पडते, हे २०१९ मध्ये दिसून आले. 'आम्हांला साखर नाही, मग ही गोळी कशाला?' असे म्हणून ती बंद करू नये. मात्र उलट्या-जुलाब होत असल्यास किंवा नवरात्र, रोजे अथवा निर्जळी उपवास करावयाचा असल्यास कोणती गोळी थांबवावी हे आधी विचारून घ्यावे.

पंपिंग सुधारल्यावर औषधे थांबवता येतील का, हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. लंडनमधील डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, स्नायू प्रसरण पावल्याने दुर्बल झालेले हृदय औषधांनी पूर्ववत झालेले ५१ रुग्ण होते. त्यांपैकी २५ जणांची औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली, तेव्हा सहा महिन्यांत ११ जणांचा आजार उलटला. औषधे चालू ठेवलेल्यांपैकी या काळात एकाचाही उलटला नाही. सुधारलेला अहवाल हा औषधांचा परिणाम आहे. तो औषधे थांबवण्याचा परवाना समजू नये.

पाण्याची गोळी चुकण्याचे कारण बरेचदा अगदी साधे असते. एस. टी. चा चार तासांचा प्रवास असतो, वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नसते. स्त्रिया तर त्या दिवशी गोळीच घेत नाहीत. अशा दिवशी गोळीची वेळ बदलता येते, पोहोचल्यावरही घेता येते. फक्त ती टाळू नये. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात व चांगला स्थिरावलेला आजार बिघडवतात. दुखणे असेल तर पॅरासिटामॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे.

रुग्ण जेव्हा घरातील गृहिणीच असते, तेव्हा वरील सर्व सूचना पाळणे दुप्पट कठीण होते. सर्वांचे मीठ तिच्या हाती, परंतु तिची धाप 'वयामुळे' म्हणून सोडून दिली जाते. अशा घरी वजनाची वही मुलाने, सुनेने किंवा पतीने लिहावी, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे.

खर्चाविषयी विश्वस्त व देणगीदारांपुढे एक गोष्ट मांडू इच्छितो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही भर प्रामुख्याने दाखल रुग्णांच्या उपचारांवर आहे. घरी गेल्यानंतर दरमहा लागणारी औषधे मात्र बव्हंशी कुटुंबाच्या खिशातून येतात, आणि मजुरी बुडाली की तीच प्रथम बंद होतात. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, गोळीच्या पाकिटावर येत नाही. तरीही अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या खर्चात वजनकाटा आणि अनेक आठवड्यांची औषधे येऊ शकतात. डापाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून अनेक कंपन्या ते बनवितात व त्याची किंमत बरीच उतरली आहे. औषधसाहाय्याचा निधी आता पूर्वीपेक्षा अधिक घरांपर्यंत पोहोचू शकेल.

रात्री आडवे झाल्यावर धाप लागणे, उशा वाढवाव्या लागणे, झोपेतून गुदमरून उठणे, कोरडा खोकला, बूट-चपला घट्ट होणे, थोडे खाताच पोट भरणे, ही लक्षणे दिसल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता यावे. बसूनही श्वास पुरत नसेल, ओठ निळसर पडले असतील, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर रुग्णाला पाय खाली सोडून बसते ठेवावे (शुद्ध हरपल्यास एका कुशीवर निजवावे) आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. येताना वजनाची वही व चालू असलेली सर्व औषधे, परस्पर घेतलेलीसुद्धा, पाकिटांसह सोबत आणावीत.